तासगावला कुणी विचारलं होतं? ओस्लोच्या गुप्त वाटाघाटींवरचं नाटक सांगलीत उभं राहताना

पार्श्वभूमी

ही हकीकत सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेची. संस्थेचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. संस्थेला स्वतःची जागा नाही. एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री आठ ते साडेदहा तालमी चालतात. अट एवढीच की बाकं आपणच भिंतीला लावायची आणि जाताना परत ओळीत मांडायची. नट म्हणजे बँकेतला एक कॅशिअर, हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारा एक तरुण, दोन शिक्षिका, औषधांचं दुकान चालवणारे आप्पा. दिग्दर्शिकेला सगळे ताई म्हणतात. संहिता लिहिणारे सर मिरजेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहेत. मी प्रकाशयोजना करतो, त्यामुळे पहिल्या वाचनापासून शेवटच्या प्रयोगापर्यंत मागच्या बाकावर मी होतोच.

राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धेसाठी दोन अंकी नाटक हवं होतं. सरांनी विषय आणला १९९३ च्या ओस्लो वाटाघाटींचा. इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना, म्हणजे पीएलओ, यांच्यात तोवर उघडपणे एक शब्दही होत नव्हता. ऑक्टोबर १९९१ मध्ये माद्रिदला परिषद भरली, तिथून पुढे वॉशिंग्टनमध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी शिष्टमंडळ यांची अधिकृत बोलणी सुरू झाली. पीएलओ त्यात उघडपणे नव्हती, आणि ती बोलणी निवेदनं वाचण्यापलीकडे सरकत नव्हती.

त्याच सुमारास नॉर्वेतल्या फाफो या संशोधन संस्थेचे प्रमुख तेर्ये रॉड-लार्सन गाझा आणि वेस्ट बँकमधल्या लोकांच्या राहणीमानाचा अभ्यास करत होते. त्यांची पत्नी मोना यूल नॉर्वेच्या परराष्ट्र खात्यात होती. अभ्यासाच्या निमित्ताने दोन्हीकडे ओळखी झाल्या होत्या. डिसेंबर १९९२ मध्ये याइर हिर्शफेल्ड हे इस्रायली प्राध्यापक आणि पीएलओचे अहमद कुरेई ऊर्फ अबू अला लंडनमध्ये भेटले. जानेवारीत नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गच्या एका जुन्या वाड्यात पहिली बैठक झाली. इस्रायलकडून त्या बैठकीला अधिकारी कोणी नव्हता, हिर्शफेल्ड आणि रॉन पुंदाक हे दोन अभ्यासक तेवढे होते. बोभाटा झाला तर सरकार हात झटकायला मोकळं. पीएलओच्या माणसाला भेटणं हा इस्रायलमध्ये कायद्याने गुन्हाच होता, ती बंदी त्याच जानेवारीत उठली. मे महिन्यात परराष्ट्र खात्याचे महासंचालक उरी सावीर आले, पाठोपाठ योएल सिंगर हे वकील. २० ऑगस्टला ओस्लोत मसुद्यावर गुपचूप आद्याक्षऱ्या झाल्या आणि १३ सप्टेंबरला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पीएलओचे प्रमुख अराफत यांनी हात मिळवले.

"जगानं तो हात पाहिला," सर म्हणाले. "त्याच्या आधीचे आठ महिने कुणी पाहिले नाहीत. नाटक तिथं आहे."

अडचण

पहिलं वाचन तीन तास चाललं. तारखा बरोबर होत्या, माणसं बरोबर होती, पण नाटक नव्हतं. ताईंनी पानं मिटली आणि म्हणाल्या, "सर, हे आकाशवाणीचं बातमीपत्र झालंय." टेबलाच्या दोन बाजूंना बसलेले लोक मसुद्यातल्या शब्दांवर वाद घालतात आणि शेवटी सह्या करतात, एवढंच. शत्रू कोण ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि पुढे काहीच कळायचं राहत नाही.

दुसरी अडचण हॉलच्या बाहेरची. ऑक्टोबर २०२३ नंतरचं गाझा आणि इस्रायल प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज येत होतं. अबू अला करणारा हिशेबनीस आणि सावीर करणारा कॅशिअर एरवी एकाच गाडीवरून तालमीला यायचे. दुसऱ्या आठवड्यात दोघं वेगवेगळे यायला लागले. तालमीच्या ग्रुपवर मध्यरात्री व्हिडिओ पडायचे, सकाळपर्यंत त्याखाली पन्नास उत्तरं. एका रात्री आप्पा वैतागून बोलले, "अरे, तुम्ही नाटक बसवायलाय का निवडणूक लढवायलाय?"

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय विषय सोडून द्यायचा. स्पर्धेला अडीच महिने होते आणि कौटुंबिक नाटकाची एक तयार संहिता कपाटात होती. दुसरा, देशांची आणि माणसांची नावं काल्पनिक करायची. हा मला आधी पटला होता. पण नावं काढून वाचून पाहिलं तर प्रत्येक वाक्य हलकं झालं. जेरुसलेम हा शब्द न उच्चारता त्या टेबलावरचा ताण उभाच राहत नाही.

तिसरा पर्याय सरांनीच मांडला, जरा नाखुशीने: ओस्लो सोडा, वारणेचा तह घ्या. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांचा तह, १३ एप्रिल १७३१ चा. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून १७०७ मध्ये सुटून आले तेव्हापासून चुलत घरात पेटलेलं वैर चोवीस वर्षांनी मिटलं ते या तहाने. विषय आपल्या मातीतला, पोशाख भाड्याने मिळतात, भाषा कानात आहे. ताईंना तो फार आवडला.

निर्णय झाला तो मधला. नाटक ओस्लोचंच करायचं, नावं खरी ठेवायची, काळ मात्र डिसेंबर ते ऑगस्ट एवढाच धरायचा. वारणेचा तह नटांनी आधी वाचायचा, तालमीचा भाग म्हणून. गाझाबद्दल तावातावाने बोलणारी माणसं कागद शांतपणे वाचायच्या मनःस्थितीत नव्हती. आपल्याच घरातलं तीनशे वर्षांपूर्वीचं भांडण कदाचित थंड डोक्याने वाचतील, असा ताईंचा अंदाज होता.

हरिपूरची सकाळ

एका रविवारी सगळ्यांना हरिपूरला बोलावलं. सांगलीपासून जवळच, कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ. तहाच्या पहिल्या कलमातला 'संगम' तो हाच. घाटाच्या पायऱ्यांवर बसून सरांनी नऊ कलमं वाचली. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरकर संभाजीराजांकडे. कोपळचा किल्ला त्यांना, त्याच्या बदल्यात रत्नागिरी साताऱ्याकडे. वडगावचं ठाणं पाडून टाकायचं. एकाचा वैरी तो दुसऱ्याचाही वैरी. एकाकडचा चाकर दुसऱ्याने ठेवून घ्यायचा नाही.

या चाकरांच्या कलमावर सर थांबले. भाऊबंदकी इतकी वर्षं का चालली ते या एका ओळीत आहे, असं त्यांचं म्हणणं. साताऱ्यावर रुसलेला सरदार पन्हाळ्याला जायचा, तिथं बिनसलं की परत. दोन्ही राजांना एकमेकांपेक्षा आपल्याच माणसांची धास्ती जास्त होती. तह झाला तो त्या धास्तीचा.

मग शेवटचं कलम. मिरज प्रांत आणि विजापूर प्रांतातली ठाणी, अथणी, तासगाव वगैरे, करवीरकरांनी शाहू महाराजांच्या स्वाधीन करावीत.

आप्पा मूळचे तासगावचे. ते नदीकडे बघत बसले होते, एकदम मान वळवून म्हणाले, "तासगाव इकडनं तिकडं दिलं, ते ठीक. पण तासगावला कुणी विचारलं होतं काय?"

सुरुवातीला सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पाठीमागचं पान उघडून विचारलं, "वॉशिंग्टनला जे पॅलेस्टिनी शिष्टमंडळ बसलं होतं, त्यांना ओस्लोचं कधी कळलं, माहीत आहे?" हैदर अब्देल शफी हे गाझाचे डॉक्टर त्या शिष्टमंडळाचे प्रमुख. ते महिनोन् महिने अधिकृत टेबलावर चिवटपणे बोलत राहिले आणि खरा मसुदा नॉर्वेत लिहिला जात होता. त्यांना अंधारात ठेवलं होतं ते त्यांच्याच नेतृत्वाने. पुढे या कराराचे ते कडक टीकाकार झाले. इस्रायलमध्येही हे मोजक्याच लोकांना ठाऊक होतं.

संहिता त्या पायऱ्यांवर फिरली. तोवर आमचं नाटक समोरासमोरच्या दोन शत्रूंचं होतं. आता ते एकच गुपित सांभाळणाऱ्या चौघापाचांचं झालं. गुपित फुटलं तर दोन्हीकडच्यांचा घात आपल्याच घरून होणार होता. सरांनी आठवड्यात नवा खर्डा आणला. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात एक बाक कायमचं आलं, त्यावर अब्देल शफी. आप्पांनीच ते केले. नॉर्वेतला प्रवेश चालू असताना ते कोपऱ्यात निवेदनाचे कागद नीट लावतात, चष्मा पुसतात, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून बोलायला तयार होतात. त्यांच्यावर मी एकच दिवा ठेवला आणि तो सबंध पहिला अंक विझवला नाही.

गावाचा प्रवेश

सावीर आणि अबू अला यांची पहिली भेट सावीर यांनी पुढे लिहून ठेवली आहे. अबू अलांनी विचारलं, तुम्ही कुठले. सावीर म्हणाले, जेरुसलेमचा. अबू अला म्हणाले, मीही तिथलाच. मग वडिलांची चौकशी झाली. सावीरांचे वडील जर्मनीत जन्मलेले, अबू अलांचे जेरुसलेममधलेच. बोलणं तिथून शतकं मागे जायला लागलं तेव्हा दोघांनी ठरवलं की भूतकाळ कोणाचा खरा यावर यापुढे वाद घालायचा नाही.

सरांच्या पहिल्या खर्ड्यात हा प्रवेश "आपण मूळचे कोणत्या ठिकाणचे आहात?" अशा भाषेत होता. तालमीत तो पडत होता. एका रात्री ताईंनी संहिता बाजूला ठेवायला सांगितली आणि दोघांना एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांसारखं बोलायला लावलं. हिशेबनीसाने सहज विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

आपल्याकडे हा प्रश्न रोज दहा वेळा कानावर पडतो. त्यामागोमाग 'वडलांचं गाव?' येतंच, कारण राहतो ते गाव वेगळं आणि गाव वेगळं. त्या रात्री तो प्रश्न हॉलमध्ये पडला आणि कॅशिअरला उत्तर देता येईना. दोन-तीन सेकंद तो नुसता बघत राहिला. मग हळू आवाजात "जेरुसलेम." "मीपण तिथलाच." "वडलांचं गाव?" सबंध नाटकात यापेक्षा खरा क्षण आमच्याकडून घडला नाही. ते दोघं त्या रात्री एकाच गाडीवरून घरी गेले. मतं त्यांची बदलली नाहीत, आजही नाहीत.

आम्ही केलेला गुपचूप सौदा

आता जे सांगायचं आहे त्याच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

नेपथ्याचा निम्मा खर्च उचलायला एका देणगीदाराने होकार दिला होता. तालमीला कधीतरी डोकावलेल्या कोणाकडून त्यांच्या कानावर गेलं की नाटकात 'एका बाजूची कड घेणारा' प्रवेश आहे. त्यांनी बोलावणं धाडलं. ताई, सर आणि मी गेलो. चहा झाला, बोलणं सौम्य होतं. तो गावाचा प्रवेश काढा, उद्या चेक घेऊन जा. नाटकाची संहिता मंजूर करणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवायची तारीख चार दिवसांवर आली होती आणि सुताराला आगाऊ रक्कम द्यायची होती. खाली आल्यावर गाडीपाशी उभं राहून आम्ही तिघांनी पाच मिनिटांत ठरवलं: प्रवेश काढू. नटांना आत्ताच नको सांगायला, उगाच मोडतोड होईल. टंकलेली प्रत आली की समजावू.

ती चूक होती. माझीही. प्रवेश काढायचा की नाही यावर दोन मतं होऊ शकतात. पैसा नसला की नाटक उभं राहत नाही हे मी पंधरा वर्षं पाहतो आहे. पण ज्या दोघांनी तो प्रवेश स्वतःतून काढला होता त्यांना न विचारता तो देऊन टाकायचा अधिकार आम्हाला नव्हता.

दोन दिवसांनी प्रती आल्या. हिशेबनीसाने पानं उलटली, परत मागे गेला, परत पुढे. मग प्रत बाकावर पालथी ठेवली. "मला का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाला. त्यानंतर तीन तालमींना तो आला नाही. कॅशिअरही येणार नाही, याची आम्हाला कल्पनाच नव्हती. तिसऱ्या रात्री रिकाम्या हॉलमध्ये आप्पा आपल्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते, अब्देल शफींचे कागद हातात घेऊन. ते काही बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती.

चौथ्या दिवशी ताई दोघांच्या घरी गेल्या आणि सरळ माफी मागितली. मग संस्थेच्या सगळ्यांची बैठक घेतली, चहावाल्या पोराला धरून सतरा माणसं. ताईंनी झालं ते जसंच्या तसं सांगितलं. चेक परत करायचा की ठेवायचा यावर दीड तास बोलणं झालं. दोघांचं मत ठेवावा असं होतं आणि त्यांनी ते मोकळेपणाने मांडलं. शेवटी चेक परत गेला, प्रवेश परत आला. नेपथ्य रद्द झालं. भिंतीला लावायची ती शाळेचीच बाकं विनंती करून थिएटरवर नेली. नॉर्वेचा वाडा, ट्युनिसमधलं पीएलओचं कार्यालय, वॉशिंग्टनचं टेबल, सगळं त्या बाकांवर.

फोनचा प्रवेश

१७ ऑगस्टची रात्र. नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री योहान योर्गेन होल्स्ट स्टॉकहोममधून ट्युनिसला फोनवर बोलत होते, पलीकडे अबू अला, त्यांच्या मागे अराफत. इस्रायलचे परराष्ट्रमंत्री पेरेस इकडे स्टॉकहोममध्येच, पण फोन होल्स्टच्या हातात. सात-आठ तासांत उरलेली कलमं एकेक शब्द करून सुटली.

आम्ही आधी रंगमंच दुभागला: उजवीकडे स्टॉकहोम, डावीकडे ट्युनिस. नेहमीची युक्ती, आणि नेहमीसारखीच निर्जीव. पलीकडची माणसं दिसली की प्रेक्षक निवांत होतो. म्हणून ट्युनिसचा दिवा मी बंद केला. उरला एक माणूस, एक फोन, आणि शेजारी न बोलता चिठ्ठ्या लिहिणारे पेरेस. चिठ्ठ्या आमच्या कल्पनेतल्या. पलीकडून काय येतंय ते फक्त होल्स्टच्या चेहऱ्यावर. एका जागी होल्स्ट तब्बल वीस सेकंद नुसता ऐकतो. स्पर्धेच्या दिवशी त्या वीस सेकंदांत थिएटरमध्ये कोणी खोकलं नाही.

शेवट कुठे करायचा

स्पर्धेत मात्र आम्ही सप्टेंबरच्या हस्तांदोलनावर पडदा पाडला. टाळ्या भरपूर आल्या. केंद्रावर दुसरा क्रमांक मिळाला, कॅशिअरला अभिनयाचं प्रमाणपत्र. मला त्या टाळ्या खटकत होत्या. त्या आम्हाला नव्हत्या, दूरदर्शनवर पूर्वी पाहिलेल्या त्या चित्राला होत्या. आणि त्या चित्रानंतर काय झालं ते प्रेक्षकातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. १९९४ ला राबिन, पेरेस आणि अराफत या तिघांना शांततेचं नोबेल मिळालं, ४ नोव्हेंबर १९९५ ला राबिन यांचा खून झाला, तोही एका इस्रायली तरुणाकडून, घरच्याच माणसाकडून. त्या करारात जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे सगळे प्रश्न पुढच्या बोलण्यांवर सोडले होते. पाच वर्षांच्या अंतरिम काळात विश्वास वाढेल, मग ते सुटतील, असा हिशेब होता. सोपं आधी, अवघड नंतर.

इथं वारणेच्या तहाशी तुलना करायचा मोह सरांना झाला होता. मुलूख नदीने वाटता येतो, आणि वारणेने तो वाटला. दोघांनाही प्राणापेक्षा प्रिय असलेलं एकच शहर नदीने वाटता येत नाही. वाक्य चांगलं आहे, पण ते कोणत्या पात्राच्या तोंडी घालणार? काढलं.

दुसऱ्या प्रयोगासाठी संहिता पुन्हा मंडळाकडे पाठवून शेवट बदलला. हिरवळ नाही, टाळ्या नाहीत. २० ऑगस्टची रात्र. आद्याक्षऱ्या होतात, सावीर आणि अबू अला पेन खाली ठेवतात. पुढे ढकललेल्या विषयांची यादी मोना यूल एकदाच वाचते आणि फाइल मिटते. मग सगळे दिवे जातात, कोपऱ्यातला एक सोडून. अब्देल शफी अजून रिकाम्या खुर्चीसमोर बसलेले आहेत. बाहेर पेपरवाल्याची सायकल थांबल्याचा आवाज.

त्या दिवशी टाळ्या उशिरा आल्या. कमी आल्या, हेही खरं.

निकाल, आणि आज वाटतं ते

एकूण तीन प्रयोग झाले. अंतिम फेरी हुकली, देणगीदार दुरावले, संस्थेच्या खात्यात त्या वर्षी फारसं काही उरलं नाही. हिशेबनीस आणि कॅशिअर दोघं अजून संस्थेत आहेत.

पुन्हा करायचं झालं तर एक गोष्ट मी पहिल्याच वाचनाला मागेन. मोना यूल हे पात्र आमच्या संहितेत पुरेसं लिहिलंच गेलं नाही. त्या परराष्ट्र खात्यातल्या मुत्सद्दी, सगळी वाट ज्यांच्या हातून गेली त्यांपैकी एक, आणि पहिल्या अंकात आम्ही त्यांना चार वेळा आत आणलं ते बहुतेक कॉफीचा ट्रे घेऊन. ती भूमिका करणाऱ्या शिक्षिकेने तालमीत दोनदा विचारलं होतं, "मी इथं नक्की काय करतेय?" आम्ही दोन्ही वेळा 'बघू' म्हणालो. हरिपूरच्या पायऱ्यांवरही सरांनी ताराबाईंचा विषय काढला होता. वारणेच्या काठी त्या पकडल्या गेल्या, साताऱ्याला राहिल्या, आणि तहाच्या नऊ कलमांत त्यांचं नाव नाही. तेव्हा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी यूलच्या हातात परत ट्रे दिला. चौथा प्रयोग मिळाला तर तिचा प्रवेश आधी लिहायचा, असं सरांनी कबूल केलं आहे. त्याचा पहिला खर्डा ती शिक्षिकाच लिहिते आहे.

संस्थेत एक बदल मात्र लगेच झाला. संहितेतली एक ओळ जरी काढायची झाली तरी ती आधी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. वेळ जातो. बाकं लावायला अकरा वाजतात, शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो. आप्पा त्याला आत बोलावून बाकावर बसवून घेतात.